मोठ्या मैदानावर फेक पोचत नाही? हाताआधी पाय तपासा

बेसबॉलमध्ये मुलं लहान मैदानावरून मोठ्यावर आली की दर हंगामाच्या सुरुवातीला हीच तक्रार नव्याने येते. गेल्या वर्षी लहान मैदानावर ज्याच्या हातून चेंडू सुटत नव्हता, तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) यंदा पहिल्या बेसपर्यंत फेकच पोचवत नाही. पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, चेंडू होम प्लेटच्या (बॅटरसमोरच्या बेसच्या) अलीकडे टप्पा खातात. जे फटके कुंपणापार जायचे, ते आउटफिल्डर (बेसच्या मागच्या गवतातला क्षेत्ररक्षक) आरामात झेलतो. पालक म्हणतात, हात कमजोर पडतोय, ताकद वाढवायचे व्यायाम सांगा. बहुतेक वेळा हातात काही कमी नसतं. मुलगा घाबरून घाई करत असतो, कारण त्याच्या डोळ्यांना अंतर दिसतं, पण वाढलेला वेळ दिसत नाही. या पोस्टमध्ये मी तक्रारी एकेक करून घेतो. इनफिल्ड (बेसच्या आसपासचा आतला भाग) आणि पिचिंगवर जरा जास्त बोलणार आहे, कारण गाडी अडते ती तिथेच.

मैदान नेमकं किती वाढलं?

लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या लहान मैदानावर दोन बेसमधलं अंतर ६० फूट आणि पिचर ४६ फुटांवर. पूर्ण मैदानावर तेच ९० फूट आणि ६० फूट ६ इंच. बेसचं अंतर दीडपट झालं, पण चार बेसच्या मधला चौकोन ३,६०० चौरस फुटांवरून थेट ८,१०० वर गेला, म्हणजे सव्वादोन पट. खेळाडू मात्र नऊच. होम प्लेटवरून दुसऱ्या बेसवर फेकायचं अंतर ८४ फूट १० इंचांवरून १२७ फूट ३ इंचांवर जातं. तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसवर फेकायचं अंतरही तेवढंच. लहान मैदानाचं कुंपण साधारण २०० फुटांवर असतं, मोठ्याचं बहुधा ३००च्या पुढे.

मधल्या पायऱ्याही आहेत. लिटल लीगमध्ये २०१३ पासून ५०/७० असा गट आहे: पिचर ५० फुटांवर, बेस ७० फुटांवर. पोनी बेसबॉल या मुलांच्या दुसऱ्या संघटनेत १३-१४ वर्षांच्या मुलांसाठी ५४ आणि ८० असं माप वापरतात. जिथे अशी पायरी उपलब्ध आहे तिथे ती गाळून मुलाला थेट ९०वर ढकलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक वर्ष मधल्या मैदानावर काढलं म्हणून कुणाचं काही बुडत नाही. पण कित्येकांना ती सोय नसते आणि एकाच हिवाळ्यात ६०वरून ९०वर यावं लागतं. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

इनफिल्डमधून पहिल्या बेसवर फेक पोचत नाही

तपासायला पहिल्या बेसच्या मागे, फाउल रेषेबाहेर उभे राहा आणि शॉर्टस्टॉपच्या हाताकडे अजिबात बघू नका. फक्त पाय बघा.

ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत मारलेला चेंडू, येतो. मुलगा वाकतो, चेंडू ग्लोव्हमध्ये नीट घेतो. मग सरळ उभा राहतो. पहिल्या बेसकडे बघतो, अंतर डोळ्यात भरतं, आणि दोन्ही पाय जागच्या जागी रोवून सगळी ताकद एकट्या खांद्यातून काढायला जातो. कोपर खांद्याच्या खाली घसरतं, डोकं डावीकडे कलतं, चेंडू आभाळाकडे निघतो आणि बेसच्या वीस फूट अलीकडे मरगळून उतरतो. फेकून झाल्यावर मुलगा तिथेच उभा असतो. ही शेवटची खूण पक्की समजा. फेकीनंतर जो एक पाऊलही पुढे आलेला नाही, त्याने पाय वापरलेलेच नाहीत.

आता वेळेचा हिशेब करू. तेरा वर्षांचं मूल सेकंदाला वीसेक फूट धावतं असं धरलं, तर वाढलेल्या ३० फुटांना त्याला दीड सेकंद जास्त लागतो. फेकीचं अंतर साधारण चाळीस फुटांनी वाढलं. ताशी ६० मैलांच्या फेकीला त्यासाठी अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. म्हणजे इनफिल्डरच्या पदरात जवळजवळ एक सेकंद उरतो. तो आता थोडा मागे उभा राहतो, त्यामुळे चेंडू त्याच्यापर्यंत यायला यातला काही वेळ जातो. तरीही दोन पावलं टाकून नीट फेकण्याइतका वेळ नक्कीच राहतो. मैदान फेकणाऱ्यासाठी मोठं झालं, तसंच ते धावणाऱ्यासाठीही झालं. हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही. स्टॉपवॉच घ्या, संघातल्या सगळ्यात वेगवान मुलाला होम प्लेटवरून पहिल्या बेसपर्यंत पळवा आणि तो आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. मग ग्राउंडर मारा आणि फटक्यापासून पहिल्या बेसच्या ग्लोव्हपर्यंतचा वेळ घ्या. पाय हलवून फेकलेला चेंडू धावणाऱ्याच्या आधी पोचतो हे एकदा घड्याळात दिसलं की अर्धी घाई तिथेच उतरते.

पायांचं काम उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी असं: चेंडू घेताना शरीर थांबवायचं नाही, चेंडूमधून पुढे जायचं. उजवा पाय डाव्याच्या पुढून टाकायचा, त्याची आतली बाजू पहिल्या बेसकडे. मग डावा पाय थेट लक्ष्याकडे. मग फेक. फेकीनंतर दोन-तीन पावलं चेंडूच्या मागे चालत जायचं. सराव घेताना मी सुरुवातीला फेकीचा निकाल बघतच नाही. चेंडू कुंपणाला लागला तरी चालेल, पण मुलगा फेकीच्या दिशेने चालत गेला पाहिजे. कमी अंतरावर, ६०-७० फुटांवर, चेंडू हाताने घरंगळत देऊन हे करून घ्यावं. थेट ९०च्या मैदानावर फंगो (कोचने सरावासाठी बॅटने मारलेले चेंडू) मारून सुरुवात केली की मुलं पुन्हा खांद्यावर येतात.

दुसरा उपाय म्हणजे टप्पा. लहान मैदानावर टप्पा पडलेली फेक म्हणजे चूक, असं मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. क्रिकेट बघणाऱ्या घरांत हे समजावणं सोपं जातं: सीमारेषेवरून एक टप्पा देऊन यष्टिरक्षकाच्या हातात आलेल्या चेंडूला कुणी नावं ठेवत नाही. सरळ रेषेत, खालून गेलेली एका टप्प्याची फेक आभाळातून जाणाऱ्या फेकीच्या आधी पोचते, आणि तिची दिशाही कमी चुकते. फक्त टप्पा कुठे पडतो ते महत्त्वाचं. पहिल्या बेसच्या १२ ते १५ फूट आधी पडला तर चेंडू सुखाने छातीपर्यंत येतो. चार-सहा फुटांवर पडला तर बेसमनची परीक्षा असते. तिथे जमिनीवर चुन्याची आडवी रेघ मारा आणि तिसऱ्या बेसमनला ती रेघ हेच लक्ष्य द्या. पहिल्या बेसमनला रोज असे टप्पे झेलायला लावा, कारण बिचाऱ्याने आतापर्यंत हे काम फारसं केलेलं नसतं. आणि त्याने बेसला पाय चिकटवून आधीच ताणून उभं राहायचं नाही. आधी फेक बघायची, मग पाय लांबवायचा.

उभं कुठे राहायचं हा उरलेला प्रश्न. टीव्हीवर व्यावसायिक शॉर्टस्टॉप गवताच्या कडेला उभा दिसतो, म्हणून तेरा वर्षांचा मुलगाही तिथेच जातो. तिथून त्याची फेक १३०-१४० फुटांची होते. त्याला तीन-चार पावलं पुढे घ्या. पुढे आल्याने बाजूचे काही चेंडू सुटतील, पण जे हातात येतील ते आउट होतील. हात सुटत गेला की महिन्या-दोन महिन्यांत एकेक पाऊल मागे सरकवता येतं. मुलाला हे शिक्षा वाटू देऊ नका, एवढं जपा.

पिचरचे चेंडू प्लेटआधीच टप्पा खातात

यामागे साधं गुरुत्वाकर्षण आहे. चेंडू हातातून सुटतो तो रबरच्या (पिचर ज्या पट्टीवर पाय ठेवतो तिच्या) सुमारे पाच फूट पुढे. ताशी ६० मैलांचा चेंडू लहान मैदानावर उरलेले ४१ फूट जेमतेम ०.४७ सेकंदात जातो. मोठ्या मैदानावर साडेपंचावन्न फुटांना ०.६३ सेकंद लागतात. हवेचा अडथळा आणि चेंडूची फिरकी बाजूला ठेवली तर पहिल्या वेळेत तो गुरुत्वाने साडेतीन फूट खाली येतो, दुसऱ्या वेळेत जवळजवळ साडेसहा फूट. म्हणजे मुलाने गेल्या वर्षीचाच चेंडू, त्याच जागी सोडून, त्याच जोराने टाकला तरी तो सुमारे तीन फूट खाली जाणार. गेल्या वर्षीचा गुडघ्याजवळचा सुंदर स्ट्राइक या वर्षी मातीत जाणार हे ठरलेलंच आहे.

मुलाला हे माहीत नसतं. तो दचकतो, जोर वाढवतो, चेंडू उशिरा सोडतो आणि आणखी खाली टाकतो. त्यावर कोच ओरडतो, “वर टाक!” मग पुढचा चेंडू बॅकस्टॉपला, म्हणजे प्लेटमागच्या जाळीला.

यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे लक्ष्य बदलणं. कॅचरने (प्लेटमागे चेंडू घेणाऱ्याने) ग्लोव्ह गुडघ्यापाशी न धरता छातीपाशी किंवा मास्कच्या खालच्या कडेशी धरायचा. पिचरने तिकडे बघून नेहमीसारखा चेंडू टाकायचा. खाली येण्याचं काम गुरुत्वाकर्षण करतं. स्ट्राइक पडायला लागले की ग्लोव्ह हळूहळू खाली आणा.

अंतरही एकदम वाढवू नका. उचलून ठेवता येणारा रबर असेल तर ४८ फुटांपासून सुरू करा आणि स्ट्राइकचं प्रमाण टिकलं की दोन-दोन, तीन-तीन फूट मागे न्या. जोर तोच ठेवायचा. अंतर वाढताना मुलाच्या चेहऱ्यावर ताण दिसला, दात आवळलेले दिसले, तर अंतर आधीच जास्त झालेलं आहे.

अजून एक बारकी गोष्ट, जी फार कमी लोक तपासतात. माउंडची, म्हणजे पिचरच्या उंचवट्याची, उंची. लहान मैदानावर तो ६ इंच असतो, पूर्ण मैदानावर १० इंच. उतार जास्त असल्याने पुढचा पाय जमिनीला सवयीपेक्षा किंचित उशिरा लागतो. ज्याच्या शरीरात सहा इंचांचं वेळापत्रक बसलंय, त्याचा खांदा पाय टेकण्याआधीच उघडतो आणि चेंडू उजव्या हाताच्या बाजूला, वर निसटतो. टप्पा खाणारे आणि हे असे बाजूला निसटणारे चेंडू वेगळे ओळखा. दुसऱ्या प्रकारात लक्ष्य बदलून काही होत नाही. तिथे ढांग अर्धा फूट आखूड करून, चेंडूशिवाय, नुसता पाय टेकण्याचा सराव उतारावर घ्यावा लागतो.

कर्व्हबॉलचा मोह इथेच होतो. वेग पुरत नाही, तर वळवू. मी चेंजअप, म्हणजे फसवा हळू चेंडू, शिकवतो: फास्टबॉलचीच हालचाल, फक्त पकड खोल. मोठ्या अंतरावर बॅटर आधीच घाई करत असतात, त्यांना हळू चेंडू फार त्रास देतो.

दुखतंय का, हे रोज विचारा

वरचं सगळं करायच्या आधी हे. बारा ते चौदा या वयात हाडं वाढत असतात आणि वाढीच्या जागा, म्हणजे ग्रोथ प्लेट, कूर्चेच्या असतात. खांद्यापाशी, दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला असलेल्या अशा जागेवर सततच्या फेकीने ताण आला की त्याला ‘लिटल लीगर्स शोल्डर’ म्हणतात. कोपराच्या आतल्या बाजूलाही तसंच होतं. मोठ्या मैदानावर आल्याबरोबर जोरात आणि जास्त फेकायला लावणं हा तिथे पोचायचा सरळ रस्ता आहे. स्नायू अवघडणं दोन दिवसांत जातं आणि ते पसरलेलं असतं. बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं, फेकताना होणारं दुखणं, रात्री होणारं दुखणं ही वेगळी गोष्ट. फेक थांबवा, डॉक्टरांना दाखवा. बर्फ लावून सामना खेळवणं बंद.

चेंडूंची मर्यादा पाळा. लिटल लीगच्या नियमात ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडू, १३ ते १६ वर्षांच्याला ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती. चार किंवा जास्त डाव कॅचिंग केलेल्या मुलाला त्या दिवशी पिचिंग करता येत नाही. हा कॅचरचा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण संघातला सगळ्यात चांगला हात बहुधा याच दोन जागांवर खर्ची पडतो. मुलगा दोन संघांकडून खेळत असेल तर बेरीज घरच्यांनी ठेवायची. दोन कोच एकमेकांना फोन करतील या भरवशावर राहू नका.

फेकीची तक्रार फक्त सामन्याच्या शेवटच्या डावांतच दिसत असेल, तर ती तंत्राची नसून थकव्याची आहे. तिथे वरचे पायांचे सराव लावू नका.

बॅटर सगळे चेंडू जमिनीवर मारतात

चेंडू उशिरा येतो आणि जास्त खाली येतो, म्हणून जुन्या वेळेवर फिरलेली बॅट त्याच्या वरून जाते. कारण एवढंच. टीवर (चेंडू ठेवायच्या दांडीवर) स्विंग सुधारण्यापेक्षा ६० फुटांवरून टाकलेले खरे चेंडू बघायला मिळणं गरजेचं आहे. बॅट न फिरवता, नुसतं उभं राहून पिचरचे चेंडू मोजायला लावलं तरी चालतं. बॅटचं वजन आत्ता वाढवू नका. अमेरिकेत हायस्कूलच्या बॅटला लांबीचे इंच आणि वजनाचे औंस यांत ३ पेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणून पालक आधीच जड बॅट घेऊन ठेवतात. ज्या वर्षी मैदान बदललं त्याच वर्षी बॅटही बदलली, तर बिघाड कशामुळे झाला ते कळणार नाही.

होमरन बंद झाल्याचं दुःख खरं असतं. पण तीन आउटफिल्डरमध्ये आता प्रचंड मोकळी जागा आहे आणि तिथे पडलेला लाइन ड्राइव्ह (सरळ, खालून जाणारा जोरदार फटका) दोन बेस देतो. बंटही (बॅट न फिरवता चेंडू जवळच थोपवणं) आठवा. तिसरा बेसमन मागे उभा आहे.

दुसरा बेस सहज चोरीला जातोय

लहान मैदानावर चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत धावणाऱ्याला बेस सोडता येत नाही. मोठ्या मैदानावर लीड घेता येते, म्हणजे चेंडू टाकण्याआधीच बेसपासून पुढे सरकता येतं, आणि पहिल्या काही सामन्यांत सगळे कॅचर बदनाम होतात. कॅचरला दोष देण्याआधी घड्याळ लावा. पिचरची पहिली हालचाल ते चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये हा एक वेळ, कॅचरच्या ग्लोव्हपासून दुसऱ्या बेसपर्यंत हा दुसरा. समजा पिचरला १.८ सेकंद लागले आणि कॅचरला २.५, बेरीज ४.३. धावणारा चार सेकंदांत पोचत असेल तर कॅचरने जीव काढला तरी उपयोग नाही. पिचरच्या पायाची उचल आखूड केली तर तीन-चार दशांश सहज वाचतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे सेट स्थितीत, म्हणजे चेंडू टाकण्याआधी स्थिर उभं राहून, थांबण्याची वेळ बदलणं: एकदा एक सेकंद, एकदा तीन. सतत एकाच तालात टाकणाऱ्या पिचरवर धावणारे डोळे मिटून पळतात. आता बॉकही (पिचरच्या नियमबाह्य हालचालीचा दंड) दिला जातो, त्यामुळे पिक-ऑफ फेकीचा, म्हणजे बेसबाहेर आलेल्या धावणाऱ्याला पकडायच्या फेकीचा, सराव सामन्याआधीच व्हायला हवा. कॅचरनेही दुसऱ्या बेसवर एक टप्पा द्यायला लाजू नये, बेसच्या आधी सहा-आठ फुटांवर.

आपल्या धावणाऱ्यांची उलटी अडचण असते. ते लीड घ्यायला घाबरतात किंवा पाय एकमेकांवर टाकत सरकतात आणि तिथेच सापडतात. बाजूने सरकायचं, पाय ओलांडायचे नाहीत, परत एक पाऊल आणि झेप एवढ्या अंतरात राहायचं. घसरायची सवयही बदलावी लागते. लहान मैदानाच्या अंदाजाने घसरलेला मुलगा बेसच्या तीन फूट अलीकडे थांबतो. बेसच्या आधी नऊ-दहा फुटांवर एक खूण ठेवा आणि तिथून घसरायला लावा.

आउटफिल्डच्या डोक्यावरून चेंडू जातोय

तीन मुलांना आता कितीतरी जास्त गवत सांभाळायचं आहे. सवयीने ती पुढे उभी राहतात. त्यांना मागे न्या आणि पहिलं पाऊल मागे टाकायला शिकवा: ज्या बाजूला चेंडू जातोय त्या बाजूचा पाय मागे, मग वळून धाव. चेंडूकडे तोंड करून मागे-मागे पळणारा मुलगा बहुतेकदा आपटतो.

थेट होम प्लेटवर फेकायची हौस पूर्ण बंद करा. चेंडू उचलायचा आणि कटऑफच्या, म्हणजे फेक मध्येच घेऊन पुढे पोचवणाऱ्याच्या, डोक्याकडे मारायचा. कटऑफचा मुलगा लहान मैदानावर बेसजवळ थांबायचा. आता त्याला आउटफिल्डमध्ये आत जावं लागतं. किती आत, हे आउटफिल्डरच्या हातावरून ठरवा. ज्याची सरळ फेक १०० फूट जाते त्याच्यापासून कटऑफ १०० फुटांवरच उभा पाहिजे, मग इनफिल्डकडून कितीही लांब पडो. सरावात आउटफिल्डरला सांगा की फेक खूप वर जाण्यापेक्षा थोडी आखूड पडली तर चालेल. आखूड फेक कटऑफ पुढे येऊन घेतो. डोक्यावरून गेलेल्या फेकीवर मात्र धावणारा आणखी एक बेस घेतो.